परदेशवारीचा शेवट बाजारातच का?



आजचं लिखाण काहींना झोंबेल. झोंबू दे. आपल्याकडे परदेशवारीचा एक साचा ठरून गेला आहे. पंधरा-वीस दिवस डोंगर, बर्फ, मनोरे नि पूल बघायचे आणि शेवटचे तीन-चार दिवस मोठ्या शहरात कुणा मैत्रिणीच्या, भाच्याच्या, नणंदेच्या घरी टेकायचं. कशासाठी? खरेदीसाठी. घर तिचं, गॅस तिचा, वॉशिंग मशीन तिचं, आणि आपण सकाळपासून दुकानात. परत आल्यावर सांगायचं, "लंडनला मैत्रिणीकडे चार दिवस राहिलो." मी म्हणते, याला मैत्रिणीकडे राहणं म्हणू नका. धर्मशाळेत उतरलो म्हणा. तिथे निदान दानपेटीत काही टाकून तरी येतो आपण.

गेल्या जूनमध्ये आम्ही चौघी गेलो होतो. स्वित्झर्लंड, पॅरिस, मग अँटवर्पच्या संगमरवरी जैन मंदिराचं दर्शन आणि ब्रसेल्सहून युरोस्टारने लंडन. शेवटचे चार दिवस हॅरोला, आमच्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे. ती अजून नोकरी करते, कारण तिकडच्या सरकारी पेन्शनच्या वयाला तिला अजून वेळ आहे. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला तिथे कायद्याने वर्षाला किमान २८ दिवस भरपगारी सुट्टी, आणि त्यातच बँक हॉलिडेही मोजू शकतात. त्यातले चार दिवस तिने आमच्यासाठी राखून ठेवले होते. आम्ही सगळ्या बी. कॉम.! पण पाउंडाचा भाव दिवसातून तीनदा बघणाऱ्या एकीनेही हे चार दिवस कुठल्या खात्यावर नावे टाकायचे याचा विचार केला नाही.

आता जेवणाचं ऐका. जूनमध्ये लंडनला सूर्य मावळतो रात्री सव्वानऊच्या पुढे. सांगलीत सातला ताट उचलायची घाई असते, तिथे निसर्गानेच दोन तास जास्त दिलेले. रात्रिभोजन टाळायला याहून सोपं शहर उन्हाळ्यात शोधून सापडायचं नाही. मैत्रिणीने कच्च्या केळ्याची भाजी, मुगाची आमटी, फुलके, सगळं आठला तयार ठेवलं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. तिच्या घरी बटाटा चालतो, पण आमच्यासाठी तिने भांडीसुद्धा वेगळी घासून काढली होती. मी त्या दिवशी घरीच होते म्हणून हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. साडेआठला बाकी तिघींचा निरोप आला, "अजून बिलाच्या रांगेत आहोत." घरी पोचल्या पावणेदहाला. दोघींचा रात्रीचा नियम, त्या पाणीसुद्धा न घेता झोपल्या. तिसरी म्हणाली, "मी बाहेर फ्राईज खाल्ल्या." म्हणजे घरचं शुद्ध अन्न पातेल्यात आणि पोटात कंदमूळ! दुसऱ्या दिवशी शिळं आम्हाला चालत नाही. मग ते अन्न कुठे गेलं, हे सांगायला हवं का?

नियम मोडला नाही, म्हणून त्या दोघी समाधानी होत्या. पण जिने चुलीपुढे दोन तास काढले, तिचं काय? उपाशी झोपण्यात मला त्या रात्री कसलंही तप दिसलं नाही.

"एवढं लांब गेलो, रिकाम्या हाताने कसं यायचं?" हा नेहमीचा सवाल. बरं, हिशेबच करू. ब्रिटनमध्ये बहुतेक वस्तूंवर २० टक्के व्हॅट असतो. पूर्वी पर्यटकांना तो विमानतळावर परत मागता यायचा. १ जानेवारी २०२१ पासून लंडनमध्ये खरेदी करून स्वतःच्या सामानातून नेलेल्या वस्तूंवर ती सोय बंद झाली आहे. म्हणजे आपण त्यांच्या सरकारला पूर्ण कर भरून, त्यावर विमानाच्या वजनाची धास्ती घेऊन, वस्तू घरी आणतो. आणि कोणत्या वस्तू? आमच्यातल्या एकीने सहा टॉवेल घेतले. घरी येऊन लेबल वाचलं तर 'मेड इन इंडिया'. सोलापूरच्या टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, सांगलीहून सोलापूर ते किती लांब!

चॉकलेटांचं तर बोलायलाच नको. लेबलावर ई १२० असेल तर तो किड्यांपासून काढलेला लाल रंग. ई ९०४ म्हणजे शेलॅक, लाखेच्या किड्याचा स्राव, वरच्या चकाकीसाठी. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन. घरात भाजी निवडताना पानामागची अळी अलगद बाहेर सोडणाऱ्या आपण, परदेशात चष्मासुद्धा न काढता टोपलीत पाकिटं भरतो. शिवाय चामड्याच्या पर्सेस, "अगं, सेलमध्ये होती" म्हणून. सेलमध्ये असली म्हणजे चामडं कापसाचं होतं का?

आपल्याकडे श्रावकाच्या व्रतांमध्ये दिग्व्रत आहे, कोणत्या दिशेला किती दूर जायचं याची मर्यादा. आजच्या काळात ते तसंच्या तसं पाळा असं मी म्हणत नाही, मी स्वतःच विमानात बसले होते. पण दिशांची मर्यादा सैल केली म्हणून परिग्रहाचीही करायची, हे कोणत्या शास्त्रात आहे? निष्कारण केलेल्या पापाला आपल्या आचार्यांनी अनर्थदंड असा स्वतंत्र शब्द दिला आहे. नको असलेल्या सहाव्या टॉवेलला दुसरा कुठला शब्द लावायचा?

आणि या चार दिवसांत काय राहून गेलं तेही सांगते. हॅरो अँड वील्डस्टोन स्टेशनवरून बेकरलू लाईन थेट ऑक्सफर्ड सर्कसला जाते. त्या गाडीने तिघी तीनदा गेल्या. त्याच वील्डस्टोनमध्ये आपलं दिगंबर जैन मंदिर आहे, तिकडे पाय वळला नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मध्य प्रदेशातल्या ग्यारसपूरची पार्श्वनाथांची पाषाणमूर्ती आहे, संग्रहालयात प्रवेशाला एक पेनीही लागत नाही. मी आणि मैत्रीण गेलो. डोक्यावर फणा धरलेला धरणेंद्र, समोर शाळेची मुलं वही घेऊन बसलेली. आम्ही दोघी बाकावर बसून हळू आवाजात णमोकार म्हटला. मग तिने तिच्या नवऱ्याच्या आजारपणाचं सांगितलं. वर्षभर फोनवर ती "सगळं ठीक" म्हणत होती. बाकीच्या तिघींना हे आजही माहीत नसावं, कारण त्यांच्यापुढे बोलायला तिला सलग अर्धा तास मिळालाच नाही. रविवारी दुपारनंतर मिळाला असता. तिकडे मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास उघडं ठेवायची परवानगी आहे. पण तो वेळ बॅगा तोलण्यात गेला. तेवीस किलो, साडेतेवीस, पुन्हा काढा, पुन्हा भरा. वजनकाटाही तिचाच.

"तिला काही वाटत नाही गं, ती घरचीच आहे," असं मला सांगण्यात आलं. घरच्या माणसाला काही वाटत नाही हा शोध कुणी लावला? ती बोलणार नाही, एवढंच खरं. विमानतळावर तिने प्रत्येकीच्या हातात खाकऱ्याचं पाकीट दिलं, प्रवासात उपास पडू नये म्हणून.

पुढच्या वर्षी सिंगापूरचं चाललं आहे, शेवटी पुन्हा एका मैत्रिणीकडेच. मी ग्रुपवर आधीच लिहून टाकलं: खरेदी करायची असेल तर हॉटेलात असताना करा. मैत्रिणीच्या घरी पाऊल टाकल्यावर दुकान बंद, आणि संध्याकाळी सहाला सगळ्या स्वयंपाकघरात, हाताखाली. मान्य नसेल त्यांनी वेगळं बुकिंग करावं. दोघींनी होकार कळवला आहे. तिसरीने फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ मी तिला फोन करून विचारणार आहे.