अनुदान की मेहेरबानी?

नगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हा वाचनालय 1838 सालचे. नगरपालिका 1854 सालची. संस्था आधी, पालिका नंतर. तरीही अर्ज घेऊन ताटकळायचे ते संस्थेनेच! 1949च्या महापालिका अधिनियमाने पाणी, दिवाबत्ती, सफाई ही कर्तव्ये कलम 63 खाली सक्तीची केली; ग्रंथालयांना साहाय्य मात्र कलम 66 खाली, म्हणजे पालिकेच्या मर्जीवर. मर्जी आली की वशिला आलाच. डिसेंबर 2023 मध्ये नगरच्या सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा तर ती मर्जी एका अधिकाऱ्याच्या मेजावर येऊन बसली.

मद्रास प्रांताने 1948च्या कायद्यात मालमत्ताकराबरोबर ग्रंथालय-कर बसवला. महाराष्ट्राच्या 1967च्या कायद्याने ते धाडस केले नाही. साहाय्याने संस्था मिंध्या होतील, असे काही मित्र म्हणतात. मिंधेपण पैशातून येत नाही, तो कोणाला व का दिला हे झाकून ठेवण्यातून येते. घरपट्टी भरताना झोपडपट्टीतल्या माणसाला कोणी 'ऐच्छिक' म्हणत नाही. तेव्हा अंदाजपत्रकात संस्थांसाठी ठरावीक हिस्सा राखावा, निकष आधी जाहीर करावेत, आणि नाकारलेल्या अर्जांची यादीही कारणांसह प्रभागाच्या फलकावर लावावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी येत्या अंदाजपत्रकापूर्वीच पालिकेपुढे मांडली पाहिजे.