अहवालाखालची सही कोणाची?

माथेरानच्या पठारावर खासगी मोटारी जात नाहीत; दस्तुरी नाक्यावर त्या थांबतात. येथील एखाद्या भगिनीच्या गाठीचा तुकडा तपासावयाचा झाल्यास नातलगांना डोंगर उतरावा लागतो. काही दिवसांनी अहवाल व बिल हाती येते. बिलावर एकच रक्कम, अहवालाखाली एक सही. सही करणाऱ्याने ती तपासणी स्वतः केली काय, हे मात्र त्यावरून उमगत नाही.

वस्तुतः या तपासणीत दोन भिन्न कामे असतात. तुकडा मेणात बसवणे, त्याचे पातळ काप काढणे, ते रंगवून काच तयार करणे हे तंत्रज्ञाचे काम. ती काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून गाठ साधी की कर्करोगाची, हा निर्णय पॅथॉलॉजिस्टचा. अमेरिकेत ही कामे दोन वेगळ्या संस्थांनी केल्यास बिलेही दोन होतात. तपासणीच्या संकेतांकास निदानासाठी '२६' आणि तांत्रिक कामासाठी 'टीसी' ही खूण जोडतात. तेथेही सारे आलबेल नव्हते. कधीही न भेटलेल्या डॉक्टरचे बिल घरी येऊन रुग्ण हवालदिल होत. अशा अनपेक्षित बिलांना आळा घालणारा कायदा १ जानेवारी २०२२ पासून तेथे लागू झाला.

आपल्याकडील दुखणे निराळे आहे. अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात १२ डिसेंबर २०१७ रोजी स्पष्ट केले. तरीही डॉक्टर एका गावी आणि त्याची सही अनेक प्रयोगशाळांत, अशा तक्रारी महाराष्ट्रात होत राहिल्या. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा राज्याने स्वीकारला नाही. १९४९ चा नर्सिंग होम कायदा शुश्रूषागृहांपुरता. प्रयोगशाळा या दोहोंच्या फटीतून निसटतात.

अमेरिकेची दोन बिले आपण आणावीत, असे आम्ही म्हणत नाही. गरिबाला एकच बिल पुरे. परंतु त्याच बिलावर दोन ओळी असाव्यात: तांत्रिक कामाचे किती आणि निदानाचे किती. निदानाच्या ओळीपुढे डॉक्टरचे नाव व नोंदणी क्रमांक असावा. ज्याने काच पाहिलीच नाही, त्याला त्या ओळीत मोबदला घेताना निदान संकोच तरी वाटेल. तंत्रज्ञाच्या श्रमाचीही त्यामुळे प्रथमच नोंद होईल.

रुग्ण पैसे मोजतो ते कागदासाठी नव्हे. कुणीतरी जबाबदारीने पाहिले आहे, या विश्वासासाठी. वाचकांनी अहवाल घेताना एवढे अवश्य विचारावे: सही करणारे डॉक्टर येथे केव्हा भेटतील?