काठीचा वाक

वयस्कर माणसाच्या काठीची वाकडी मूठ आपण रोज पाहतो. पण सरळ लाकडाला तो वाक आला कसा, हे कोणी विचारीत नाही. आज आम्ही तेच सांगणार आहोत, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांचा सारा भार त्या वाकावर असतो.

कोरडे लाकूड नुसत्या जोराने वाकवू गेले तर मोडते. लाकडाचे धागे लिग्निन नावाच्या नैसर्गिक डिंकाने एकमेकांना धरून असतात. ओलावा आणि सुमारे १०० अंश सेल्सिअस उष्णता मिळाली की तो मऊ होतो आणि गार झाला की पुन्हा घट्ट होतो. म्हणून कारागीर काठीचे टोक वाफेत ठेवतात. एक इंच जाडीला साधारण एक तास, असा हिशेब. इंग्लंडात चेस्टनटच्या काठ्या गरम ओल्या वाळूत पुरून मऊ करण्याची जुनी रीत आहे.

बाहेर काढलेली काठी गार होण्याआधी, मिनिटभरातच साच्याभोवती वळवावी लागते. वळताना आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. तापलेले लाकूड दाब सोसते, ताण फारसा सोसत नाही. म्हणून तडा बहुधा बाहेरून जातो. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांनी बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी आवळून हा ताण आवरला. त्यांची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची याच रीतीने घडली आणि जगभर गेली.

वळवलेली मूठ बांधून काही दिवस वाळू द्यावी लागते. लवकर सोडली तर वाक उलगडतो. वेताचे काम त्या मानाने सोपे. तो आतून भरीव असतो आणि उष्णतेने सहज वळतो. बांबू मात्र पोकळ, वळताना चिरण्याची भीती.

तेव्हा काठी घेताना रंग-पॉलिश मागाहून पाहा. आधी वाकाच्या बाहेरच्या बाजूवर बोट फिरवा. तिथे चीर किंवा गाठ असेल, तर ती काठी घेऊ नका. चपला घालून, हात मोकळे सोडून उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरावी. खालची रबरी टोपी झिजताच बदलावी. टोपीला खर्च थोडा, पण म्हातारपणी मोडलेले हाड सगळ्या घराला महाग पडते.