लाकडी माशाची किंमत

खासबाग म्हटले की कोल्हापूरच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे शाहू महाराजांनी बांधविलेले कुस्त्यांचे मैदान उभे राहते. मी लिहितो आहे ते खासबाग निराळे. ते बेळगावचे, शहापूर-वडगावला खेटून असलेले, विणकरांचे. आमचे शेजारचे शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, तेव्हा संस्थानी नाते आम्हांलाही अगदीच परके नाही. पण येथे शड्डूचा आवाज नाही, मागाचा आहे. नगावर मजुरी म्हणजे काय, हे येथल्या शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. अशा या वस्तीत एक सुतारमामा लाकडाचे मासे करतात, आणि त्या माशांची किंमत काय असावी यावरून गेले वर्षभर मी पुष्कळांशी वाद घातला आहे. तो वाद आज वाचकांपुढे ठेवतो.

हे मासे खेळण्यातले नव्हेत. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून नदीकाठी बसणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. परंतु मरळीसारखा शिकारी मासा, किंवा खाडीतला जिताडा आणि तांबोशी, हे हालत्या सावजावर झडप घालणारे. त्यांना फसवायचे तर बोटाएवढा लाकडाचा मासा रंगवून, पोटाला तीन टोकांचे गळ लावून, दोरीने दूर फेकावयाचा आणि चाकावर गुंडाळीत जवळ आणावयाचा. तो पाण्यात असा वळवळला पाहिजे की जखमी मासाच पळतो आहे. हौशी मंडळी याला ‘लुअर’ म्हणतात. मामा नुसते ‘मासा’ म्हणतात, आणि मला तोच शब्द बरा वाटतो.

मामा मूळचे हातमागाच्या लाकडांची दुरुस्ती करणारे. विणकराचा धोटा ज्यांनी हातात घेतला आहे त्यांना ठाऊक आहे की दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा तो जिन्नस माशासारखाच दिसतो. यंत्रमाग वाढले, हातमाग उठले, मामांचे ते काम आटले. मग हिडकलच्या धरणावर मासे धरावयाला जाणाऱ्या कोणा हौशी गृहस्थाने मोडलेला परदेशी मासा आणून दाखविला, आणि ‘असा करून द्याल का?’ म्हणून विचारले. त्यावरून हा उद्योग सुरू झाला.

माझे आयुष्य साड्यांच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात गेले. त्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली की तिची किंमत कशी बसली असेल हे मनात येते. मामा एका माशाचे साडेचारशे रुपये सांगतात, गिऱ्हाईक ‘एवढ्याशा लाकडाला?’ म्हणते, आणि सौदा बहुधा साडेतीनशेवर तुटतो. हे मी इतक्या वेळा पाहिले की शेवटी एकदा वही आणि घड्याळ घेऊन, दहा माशांचा एक घाणा लागेपर्यंत मामांच्या शेजारी बसलो.

‘मामा, एका माशाला किती वेळ लागतो?’ असे मी पहिल्याच दिवशी विचारले.

‘वाळायला की करायला, ओ?’ मामा म्हणाले.

हा प्रश्न बिनतोड होता. करण्याचे काम असे : पांगाऱ्याचे वाळलेले, सरळ रेषेचे लाकूड घ्यावयाचे. पत्र्याचा साचा ठेवून आकार आखावयाचा, करवतीने कापावयाचा, चाकूने आणि कानशीने गोलाई आणावयाची, मग पॉलिश पेपर. पोट चिरून नाकापासून शेपटीपर्यंत न गंजणारी तार घालावयाची. कारण माशाने लाकडाचे दोन तुकडे केले तरी गळ त्याच तारेला राहिला पाहिजे. पोटात शिशाचा तुकडा बसवावयाचा. तो गहूभर पुढे किंवा मागे सरकला तर मासा एक तर नाक खुपसतो नाही तर आडवा पडतो. मग चीर भरून लाकडाला लाखेच्या पातळ रोगणात बुडवावयाचे, वाळवावयाचे, पुन्हा बुडवावयाचे. पाणी एकदा लाकडात शिरले की लाकूड फुगते आणि वरचा रंग तडकतो. हे बुडविणे-वाळविणे पाच वेळा झाले तेव्हा माझा पेन्शनरांच्या कट्ट्यावर जाण्याचा नेम मोडला होता.

रंगकाम मामी करतात. पाठ काळपट, पोट पांढरे, कुशीला चंदेरी झाक. खवले काढावयाला त्यांनी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ठेवला आहे. तो माशावर ताणून वरून रंगाची फवारणी केली की जाळी उचलल्यावर खवल्यांची ओळ जशीच्या तशी उमटते. डोळा मात्र हाताने. शेवटी दोन द्रव मिसळून होणारे काचेसारखे रोगण. ते घट्ट होईपर्यंत ओघळू नये म्हणून मासे सारखे फिरत ठेवावे लागतात. यासाठी बाहेरदेशी खास यंत्र मिळते. मामांनी गणपतीच्या मखरातले चक्र फिरविणारी मोटार लावली आहे, आणि तिच्यावर दहा मासे रात्रभर संथ फिरत असतात. तो देखावा मखराहून कमी नाही.

सर्वांत अवघड काम यानंतरचे. नाकाखाली पारदर्शक पत्र्याची जीभ बसवितात. तिचा कोन जसा असेल तसा मासा खोल जातो किंवा वर राहतो. मग दोरी बांधून दगडी टाकीच्या पाण्यात तो ओढून पाहावयाचा. डावीकडे गेला तर नाकातली तारेची कडी पक्कडीने केसभर उजवीकडे वाकवावयाची. उजवीकडे गेला तर उलट. मी बसलो होतो त्या घाण्यात दहांपैकी सात मासे पोहले. तिघांना मामांनी पुष्कळ समजावून पाहिले, परंतु ते कुशीवरच पडून राहिले. ‘लाकडाची रग असते एकेकाची,’ एवढेच मामा बोलले आणि ते तीन चुलीकडे गेले.

आता हिशेब. मामांचे अठ्ठावीस तास, मामींचे नऊ, एकूण सदतीस. वाळण्याचा वेळ यात नाही. गळ, कड्या, तार, शिसे, रोगण, रंग, जिभेचा पत्रा मिळून खर्च १,०५० रुपये. लाकूड त्यात सर्वांत स्वस्त. तेव्हा ‘एवढ्याशा लाकडाला’ हा आक्षेप तेथेच निकालात निघतो. सात मासे साडेचारशेने विकले तर ३,१५० रुपये येतात. खर्च वजा जाता २,१००. सदतीस तासांनी भागले तर तासाला सत्तावन्न रुपयांच्या आत-बाहेर, म्हणजे आठ तासांच्या दिवसाला सुमारे ४५४. हीच विक्री साडेतीनशेने झाली तर दिवसाचे ३०३ रुपये पडतात. रोजगार हमीच्या कामाचा कर्नाटकातला दर २०२४-२५ साली दिवसाला ३४९ रुपये होता, महाराष्ट्रातला २९७. म्हणजे गिऱ्हाइकाने शंभर रुपये पाडले की चाळीस वर्षे लाकूड ओळखणारा हात बांधावर माती टाकणाऱ्या हाताच्याही खाली उतरतो. माती टाकणे हलके काम आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही; पण तेथे निदान कामाचा दर तरी ठरलेला असतो.

फर्निचरच्या कामावर गेले तर याच मामांना आमच्याकडे दिवसाला नऊशे रुपये मिळतात. तोच दर दोघांना धरला तर एका माशाची किंमत ७४५ रुपये होते. ही चैनीची किंमत नव्हे. जो दर आपण दाराला बिजागरी बसविणाऱ्याला कुरकूर न करता देतो, तोच येथे लावला आहे.

यावर मला मिळणारे उत्तर ठरलेले आहे : ‘प्लॅस्टिकचा मासा दीडशेला मिळतो, आणि मासे त्यालाही लागतात.’ हे खरे आहे, आणि ते नाकारून मामांची बाजू बळकट होणार नाही. साच्यातून निघालेले हजार मासे एकसारखे पोहतात, पाणी पीत नाहीत, दगडावर आपटले तरी टिकतात. ज्याला तेवढे पुरे त्याने तोच घ्यावा. माझा वाद त्याच्याशी नाहीच. माझा वाद आहे तो परदेशी नावाच्या डबीतल्या माशाला सातशे-आठशे रुपये छापील दराने मोजणाऱ्या, आणि त्याच पाकिटातून मामांना साडेतीनशे काढून देताना ‘इतके दिले’ म्हणणाऱ्या गृहस्थाशी. डबीवर दर छापलेला असतो म्हणून तेथे जीभ रेटत नाही. मामा समोर बसलेले असतात म्हणून रेटते.

आणि त्या डबीतला मासा तरी कोठून आला? फिनलंडमधला लौरी रापाला हा तळ्यावर मासे धरून पोट भरणारा माणूस. मोठे मासे थव्यातला लंगडत पोहणारा मासाच नेमका उचलतात हे त्याने होडीतून पाहिले, आणि १९३६ साली बुचाच्या लाकडातून पहिला मासा कोरला. वर चॉकलेटची चांदी गुंडाळली, आणि रोगण परवडत नव्हते म्हणून फोटोच्या जुन्या फिती वितळवून त्यांचा लेप दिला. मखराची मोटार आणि मच्छरदाणी वापरणाऱ्या आमच्या मामांचाच हा भाऊ. १९६२ साली अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या ज्या अंकात मेरिलिन मन्रोच्या मृत्यूची हकिकत होती, त्याच अंकात या माशावर लेख आला. अंक हातोहात खपला आणि मागणी कारखान्याला झेपेना. अमेरिकेत त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मिशिगनमधल्या जेम्स हेडनने लाकडाचे बेडूक कोरले होते. ते बेडूक आज पाण्यात कोणी टाकीत नाही, संग्राहक काचेत ठेवतात. माणूस हयात असता त्याच्या वेळेला भाव नसतो आणि तो गेल्यावर त्याच्या लाकडाला येतो, हा प्रकार सातासमुद्रांपलीकडेही आहेच म्हणावयाचा.

आपल्याकडे जवळचा दाखला सावंतवाडीचा. तेथल्या चितार आळीत लाकडाची फळे मिळतात. केळे, आंबा, सीताफळ, खऱ्याला लाजविणारी. त्यांनाही पांगाराच लागतो. गंजिफांची आणि लाखकामाची कला विझत चालली होती, तेव्हा १९७० च्या सुमारास शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना जागा देऊन ती धरून ठेवली. आमच्या जिल्ह्यातल्या गोकाकचीही लाकडी चित्रे आणि फळे जुन्या काळापासून नावाजलेली. परंतु गोव्याहून परतताना सावंतवाडीत गाडी थांबवून लाकडी केळ्याचे दर पाडणारी मंडळी मी पाहिली आहेत, आणि हीच मंडळी घरी आल्यावर पाहुण्यांना ‘लुप्त होत चाललेली कला’ म्हणून ती केळी दाखवितात. कला शब्दाचा हा एक उपयोग आहे : तो उच्चारला की मजुरीचा विषय बंद करता येतो. मामांना कोणी कलाकार म्हटले की ते अवघडतात. त्यांचा मासा दिवाणखान्यात ठेवावयाचा नाही; तो पोहला पाहिजे. तो हत्यार आहे, आणि हत्याराची किंमत करावी तशी त्याची करावी एवढेच त्यांचे म्हणणे.

सरकारचे लक्ष नाही असेही नाही. २०२३ सालच्या सप्टेंबरात केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना काढली. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत. सुतार आहे, खेळणी करणारा आहे, मासेमारीचे जाळे विणणाराही आहे. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये, आणि प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन असे तिचे स्वरूप. योजना चांगली आहे. पण माझ्यातला कारकून गप्प बसत नाही : मामा वर्गात बसून सुतारकाम शिकले तर दिवसाला पाचशे, आणि घरी बसून मासे केले तर, न घासाघीस करणारे गिऱ्हाईक भेटले तरच, साडेचारशे!

एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगितली पाहिजे, कारण ती कोणी सांगत नाही. हा मासा हरवतो. धरणाच्या पोटात बुडालेली खोडे असतात. पहिल्याच फेकीला गळ त्यांत अडकला की दोरी तुटते, आणि साडेचारशे रुपये पाण्याखाली जातात. खुर्ची घेतली तर वीस वर्षे बसता येते. मासा घेतला तर वीस मिनिटेही न टिकण्याचा संभव. त्यामुळे महाग मासा फेकताना हात आखडतो, हे मी समजू शकतो. हिडकलला जाणारे एक तरुण शिक्षक यावर उपाय काढून बसले आहेत. ते खोडांच्या बाजूला प्लॅस्टिकचा टाकतात आणि मोकळ्या पाण्यात मामांचा. सदतीस तासांची वही त्यांना दाखविली तेव्हा त्यांनी पुढचे दोन मासे साडेसातशेने घेतले. दुसऱ्या एकाने वही पाहून मामींचे नऊ तास खोडून काढण्याची सूचना केली. ‘घरचेच माणूस ना!’

ही सूचना मला नवी नव्हती. खासबागेत साडीची मजुरी मागावर बसणाऱ्याच्या नावे लिहितात. कांड्या भरणारी त्याची बायको किंवा आई, तिचा रकाना मी लिहिलेल्या कोणत्याच चोपडीत नव्हता. नऊ तास काढले तर माशाची किंमत ६०० रुपयांच्या घरात येते, स्वस्त दिसते आणि खपही वाढेल. मामांनी ते ऐकून घेतले. मामी रंगाची वाटी पुसत होत्या. त्या म्हणाल्या, ‘मग डोळे त्यांनाच काढायला सांगा की.’

कोल्हापूरच्या एका दुकानदाराने शंभर मासे तीनशेने मागितले होते. मामांनी ती मागणी घेतली नाही. दर हे एक कारण. दुसरे असे की आमच्याकडचा पाऊस तुम्हांस ठाऊक आहे, त्यात रोगण वाळत नाही, वाळले तरी पांढरे पडते. तेव्हा जून ते दसरा मामा मासे करीत नाहीत, दारे-खिडक्यांची कामे घेतात. दसऱ्यानंतर पहिला घाणा लागेल. तो दहांचाच असेल, आणि त्यातले किती पोहतील ते टाकीत टाकल्यावर कळेल. दर ७५० आहे. मामांना तो तोंडाने सांगवत नाही म्हणून मामींनी पाटीवर लिहून भिंतीला लावला आहे.