औषध तयार, पण पेशीत पोहोचवणार कोण?

फेब्रुवारी २०२५. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळाला खास त्याच्यासाठी बनवलेलं जीन एडिटिंगचं औषध मिळालं. यकृतातल्या आनुवंशिक दोषामुळे त्याच्या शरीरात अमोनिया साचत होता. बातम्यांत कौतुक झालं ते क्रिस्परचं. पण औषध पेशीपर्यंत नेलं कोणी? चरबीच्या अतिसूक्ष्म कणांनी, म्हणजे लिपिड नॅनोपार्टिकल्सनी. म्हणूनच बाळाला एक नाही, तीन डोस देता आले.

विषाणू वापरला असता तर हे अवघड होतं. पेशीत घुसण्यात विषाणू पटाईत. पण शरीर त्याला लक्षात ठेवतं आणि दुसऱ्यांदा दारातच अडवतं. कधी प्रतिकार जिवावरही बेततो. १९९९ मध्ये जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा अशाच चाचणीत दगावला.

मग चरबीचे कण आहेत की! आहेत, पण रक्तात सोडले की ते बहुतांशी यकृतातच जातात. बाकी अवयवांचं काय? इथे पॉलिमर आणि पेप्टाइड येतात.

डीएनएवर ऋण भार असतो. धन भाराचं पॉलिमर त्याला चिकटतं आणि गाठोडं तयार होतं. पेशी ते गिळते, पण एका पिशवीत कोंडते. तिथलं आम्ल वाढत जातं. वेळेत बाहेर पडलं नाही, तर माल खलास. घोडं इथेच पेंड खातं! १९९५ पासून वापरात असलेलं पीईआय हे पॉलिमर सुटका बऱ्यापैकी करतं, पण त्याचा जोरदार भार पेशीलाच इजा करतो. म्हणून आता काम झालं की विघटन होणारी पॉलिमर बनवली जातायत. त्यांना छोटी पेप्टाइड जोडतात. काही पेशीचं आवरण ओलांडायला मदत करतात, काही केंद्रकाची वाट दाखवतात.

याचा आपल्याशी काय संबंध? गडचिरोली, नंदुरबारमध्ये सिकलसेलचे रुग्ण आहेत. या आजारावरच्या कॅसजेव्ही उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर! त्यात पेशी बाहेर काढायच्या, विजेच्या झटक्याने आत औषध घालायचं, रुग्णाला केमोथेरपी द्यायची आणि मग पेशी परत सोडायच्या. हेच काम साध्या इंजेक्शनने झालं, तर उपचार जिल्हा रुग्णालयापर्यंत येऊ शकतो. आज तरी ते प्रयोगाच्या टप्प्यावर आहे.

तेव्हा पॉलिमर केमिस्ट्रीचा पेपर ‘ऑप्शनला’ टाकण्याआधी जरा थांबा. जीन दुरुस्त करणारी कात्री आलीये. ती घरपोच नेणारा अजून हवाय.