मारबत गेली, तराजू राहिला

पोळ्याच्या पाडव्याला, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, नागपूर आपली इडा-पिडा मारबतीच्या पुतळ्यांतून वेशीबाहेर काढते. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. मागून महागाईचे, भ्रष्टाचाराचे, पुढाऱ्यांचे पुतळे, म्हणजे बडगे, येतात. ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठते, पुतळे जळतात आणि हलक्या मनाने गर्दी पांगते. दुसऱ्या दिवशी इतवारी बाजारातली दुकाने उघडतात आणि तराजू पुन्हा हलू लागतात.

जळाले ते नेमके काय, हा प्रश्न त्या वेळी विचारायला हवा. वाईटपणा नेहमी दुसऱ्याचा असतो, म्हणूनच तो पुतळ्यात भरता येतो. बडग्याच्या पाटीवर स्वतःचे नाव कोणी लिहीत नाही.

बायबलमधला ‘नीतिसूत्रे’ हा ग्रंथ आपल्याला इथेच अडवतो. परंपरेने शलमोन राजाच्या नावावर असलेल्या या वचनसंग्रहात नीतिमान आणि दुर्जन यांच्या जोड्या पानोपानी भेटतात. पण त्यांची पारख मंदिरात होत नाही. ती बाजारात, शेतात आणि न्यायाच्या वेशीवर होते. खोट्या तराजूचा परमेश्वराला तिटकारा आहे. देणे हाताशी असताना शेजाऱ्याला ‘उद्या ये’ म्हणून परतवणे ग्रंथाला मंजूर नाही. गरिबाला वेशीवर, म्हणजे न्यायसभेत, चिरडणे तर नाहीच नाही. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाला जपतो, हेही तिथेच सांगितले आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदशेकणी करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. या ग्रंथातला दुर्जन बहुधा चारचौघांसारखाच दिसतो. तो मापात थोडे मारतो, मजुरी थोडी लांबवतो, साक्ष थोडी फिरवतो.

मात्र याच वचनांत एक भरवसाही आहे: नीतिमानाची भरभराट होते, दुर्जनाचा दिवा विझतो. अनुभव तसा येतोच असे नाही. विशेष म्हणजे बायबलने हा आक्षेप दडवला नाही. ‘उपदेशक’ ग्रंथ सरळ सांगतो की नीतिमान नीतीने वागूनही नाश पावतो आणि दुर्जन दीर्घायुषी होतो. ‘ईयोब’ ग्रंथात निर्दोष माणसाची मुले, गुरे, आरोग्य सारे जाते. सांत्वनाला आलेले मित्र त्यालाच ऐकवतात, तुझे काहीतरी चुकलेच असेल. शेवटी देवाचा कोप होतो तो या मित्रांवर, ईयोबावर नव्हे.

निर्दोषावर संकट का येते, हा प्रश्न नागपूरला परका नाही. याच दिवसांत, 4 सप्टेंबरला, स्टीफन हिस्लॉप यांचा स्मृतिदिन येतो. हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आला. त्याने शाळा काढली, गोंडांची गाणी व कथा टिपून घेतल्या, इथल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला. 1863 साली टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहायला गेला असता, परतीच्या वाटेवर रात्री तो फुगलेल्या नाल्यात बुडाला. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. ईयोबाच्या मित्रांचा हिशेब इथे लावून पाहा. तो जुळत नाही. गोंडांविषयीची त्याची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापली. 1883 मध्ये सुरू झालेले कॉलेज आजही त्याच्या नावाने चालते. पण हे त्याच्या चांगुलपणाचे बक्षीस म्हणता येणार नाही. ते घ्यायला तो नव्हताच.

नीतीचा फायदा होतो म्हणून नीतीने वागणे हाही एक सौदाच झाला. खरे वजन ठेवायचे ते गिऱ्हाईक वाढेल म्हणून नव्हे, तर समोरच्याचे हक्काचे त्याला मिळावे म्हणून. आणि दुसऱ्यावर संकट आले की त्याचे पाप शोधत बसायचे नाही.

मारबत दरवर्षी निघावी. ती या शहराची शान आहे. फक्त ती गेल्यावर प्रत्येकाने एकदा आपल्या दुकानातले, कचेरीतले, घरातले वजन तपासावे. कामवाल्या बाईची थकलेली मजुरी त्याच संध्याकाळी द्यावी. ती पिडा मारबत नेत नाही.