कार्ट आणि कार्टं

सदर : बाजारहाट

गेल्या रविवारी वहिनींनी मोबाइल माझ्या पुढ्यात ठेवला. "भावजी, तुम्ही पेपरात बाजारावर लिहिता ना? मग यातलं कुठलं घेऊ ते सांगा." पुतण्यानं पुण्याहून पाठवलेली यादी होती : शॉपिफाय, वूकॉमर्स, दुकान, इन्स्टामोजो, झोहो कॉमर्स. वहिनींच्या बचत गटाचा इंद्रायणी तांदूळ, नाचणीचे पापड आणि कुरडया आजवर वॉट्सअ‍ॅपवरून जातात. ऑर्डरी वहीत, पैसे यूपीआयवर आणि माल बऱ्याचदा भोर-स्वारगेट एसटीनं येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती. पुतण्याचं म्हणणं, आता वेबसाइट काढा, शॉपिंग कार्ट लावा. वहिनींनी एकच विचारलं, "ते कार्टं सांभाळायचं कुणी?"

शब्दाची गंमत त्यांच्या लक्षातही आली नसेल, पण प्रश्न नेमका तोच होता. आमच्या भोरकडच्या उत्रोलीला एमआयडीसी येणार, ही चर्चा ऐकत माझे केस पिकले. तोवर भात, पापड आणि मोबाइल यांच्यावर जे उभं राहतंय, त्याला तरी नीट सल्ला मिळावा. आणि सल्ला देणारे सगळे दुकान दिसेल कसं तेवढंच बोलतात. रंग कुठला, फोटो केवढा, वर सरकती पट्टी हवी की नको. मागच्या खोलीत रात्री साडेनऊला पोती कोण मोजणार, हे कुणी काढत नाही.

बाजारातली ढकलगाडी, म्हणजे खरी शॉपिंग कार्ट, १९३७ साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदारानं आणली. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं, हे त्यानं हेरलं होतं. सुरुवातीला ती कुणी हातात धरेना, तेव्हा त्यानं भाडोत्री माणसं आणून त्यांना दुकानात गाड्या ढकलत फिरायला लावलं. सोय गिऱ्हाइकाची होती. वेबसाइटवरचं कार्टही गिऱ्हाइकाचीच सोय आहे आणि ती आता सगळ्याच सॉफ्टवेअरांत बरी असते. फरक पडतो तो दुकानदाराच्या बाजूला.

शॉपिफायची जन्मकथा इथे कामाची आहे. कॅनडातल्या ओटावात टोबियास ल्युटके आणि त्याच्या साथीदारांना २००४ च्या सुमारास बर्फावर घसरायच्या फळ्या ऑनलाइन विकायच्या होत्या. मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहिलं. फळ्यांपेक्षा ते सॉफ्टवेअरच चाललं आणि २००६ मध्ये ते शॉपिफाय म्हणून बाजारात आलं. दुकानदारानं दुकानासाठी लिहिलेलं, म्हणून ते वापरायला सोपं. पण दुकान फळ्यांचं होतं. फळी नगावर मोजतात. तांदूळ नगावर मोजत नाहीत.

वहिनींकडे शंभर किलो इंद्रायणी आहे. तो त्या एक, पाच आणि दहा किलोच्या पिशव्यांत विकतात. यादीतली नावाजलेली सॉफ्टवेअरं या तीन पिशव्यांना तीन वेगळे माल समजतात आणि प्रत्येकीचा साठा वेगळा मागतात. दहा किलोच्या चार पिशव्या गेल्या की मागच्या एकाच ढिगातून चाळीस किलो कमी झाले, हे त्यांना आपोआप कळत नाही. वूकॉमर्समध्ये तिन्हींचा साठा एकत्र ठेवता येतो, पण तेही किलो नाही, नग वजा करतं. मग व्हायचं ते होतं : साइटवर पाच किलोच्या वीस पिशव्या शिल्लक दिसतात आणि घरात उरलेला असतो कोंडा. यावर जादा पैसे देऊन वेगळी जोडणी (प्लगइन) मिळते. माझा सल्ला बिनपैशाचा आहे : आधी पिशव्या भरा, शिवा, मग मोजा आणि शिवलेल्या तेवढ्याच साइटवर चढवा. अधोली-पायलीच्या घरात हे जरा अवघड जातं, पण पाकिटावर निव्वळ वजन किलोतच छापायचं असतं, तेव्हा सवय करावीच लागते. नवा तांदूळ आणि वर्षाचा जुना हे मात्र दोन वेगळे माल म्हणूनच टाका. नवा इंद्रायणी शिजवून गिचका झाला की पुणेकर थेट फोन करतात.

दुसरी गोष्ट टपालाची, आणि पैसे बुडतात ते इथेच. कुरिअरवाले खरं वजन आणि घनफळी वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि साधारणपणे ५,००० नं भागायचं. चाळीस बाय तीस बाय तीसच्या खोक्यात दोन किलो कुरडया मावल्या, तर हिशेब ७.२ किलोचा लागतो. तांदूळ लबाडी करत नाही, पाच किलो म्हणजे पाचच. एकाच दुकानात हे दोन माल आहेत आणि 'सगळीकडे साठ रुपये टपाल' असा सरसकट दर लावला तर प्रत्येक कुरडईमागे घरचे पैसे जातात. शॉपिफायमध्ये वजनावर टपालदर लावता येतो. वूकॉमर्समध्ये मुळात एकच ठोक दर, मोफत आणि दुकानातून घेऊन जा एवढंच असतं, वजनासाठी वेगळी जोडणी लागते. 'घेऊन जा' हा पर्याय मात्र आमच्या भागात सोन्यासारखा. त्याचं नाव बदलून 'स्वारगेटला घ्या' केलं की निम्मं टपाल वाचलं.

कायद्याचंही एक कलम सॉफ्टवेअर निवडताना आठवावं. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावून पाकीटबंद केलेल्या, पंचवीस किलोपर्यंतच्या तांदळावर पाच टक्के जीएसटी आहे. आणि करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी लागते. म्हणजे बेळगावच्या एका हौशी गिऱ्हाइकानं पाच किलो मागवले, तर गटाला जीएसटी क्रमांक काढावा लागेल. तेव्हा सुरुवातीला 'फक्त महाराष्ट्र' असं कुलूप लावता येतं का, ते आधी बघा.

आता पैशाचं. वूकॉमर्स फुकट आहे, २०११ पासून आहे, आणि फुकटच्या गाईला चारा लागतोच. होस्टिंग, डोमेन, दर महिन्याची अपडेटं, आणि एखाद्या अपडेटनं पैसे भरायचं बटण गायब झालं तर रात्री उठवायला एक जाणकार माणूस. घरात असा माणूस कायमचा राहत असेल तर वूकॉमर्ससारखं दुसरं नाही. पुतण्या पुण्यात नोकरीला असेल तर तो घरात धरू नये. शॉपिफायसारख्या भाड्याच्या दुकानात ही कटकट नाही, पण भाडं महिना दीड-दोन हजारांच्या घरात. शिवाय पैसे घेण्याची त्यांची स्वतःची सोय भारतात नाही. बाहेरचा पेमेंट गेटवे जोडावा लागतो, त्याचे दोनेक टक्के आणि छोट्या योजनेत शॉपिफायचे वर आणखी दोन. किलोमागे दहा रुपये सुटतात असं धरलं, तर नुसत्या भाड्यासाठी महिन्याला दोनशे किलो तांदूळ विकावा लागेल. रोज दोन-तीनच ऑर्डरी असतील तर वॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि वही यांना मागासलेपण समजू नका. वही पुरेनाशी झाली की मग भाडं परवडतं.

आणि अडलं तर फोन कुणाला? बंगळूरच्या 'दुकान' या कंपनीच्या संस्थापकानं २०२३ च्या जुलैमध्ये जाहीर सांगितलं की मदतकक्षातली नव्वद टक्के माणसं काढून तिथे चॅटबॉट बसवला. त्यांच्या खर्चाच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. वहिनींच्या दृष्टीनं विचाराल, तर पैसे भरण्याआधी एकदा मदत मागून बघा आणि उत्तर किती वेळात, कुठल्या भाषेत येतं ते घड्याळ लावून मोजा.

निघता येण्याचंही बघून ठेवा. गूगलनं धंद्याच्या नोंदीसोबत दिलेल्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. पाहुणचारावर दुकान मांडलेल्या कितीतरी जणांचा पत्ताच गेला. गिऱ्हाइकांची नावं, नंबर, जुन्या ऑर्डरी एका फायलीत उतरवून घेता येत नसतील, तर ती वही तुमची नाहीच. डोमेनचंही तसंच. माझ्या एका मित्राच्या मसाल्याच्या दुकानाचं डोमेन साइट बनवणाऱ्यानं स्वतःच्याच नावावर घेतलं होतं. भांडण झालं त्या दिवशी मित्राच्या हातात फक्त मसाला उरला. डोमेन घेताना मोबाइल नंबर आणि ईमेल वहिनींचा, पुतण्याचा नव्हे. पुतण्या नाराज झाला तरी चालेल.

हे सगळं ऐकून वहिनी म्हणाल्या, "भावजी, कुठलं घेऊ ते राहिलंच की." मी त्यांना परीक्षा सांगितली. तीन सॉफ्टवेअरांची फुकट मुदत घ्यायची. रात्रीची भांडी झाल्यावर, मला किंवा पुतण्याला फोन न करता, स्वतःच्या मोबाइलवरून पाच किलोच्या पिशवीचा भाव तीनशे पंचाहत्तरवरून तीनशे नव्वद करायचा.

पहिल्यात सगळं इंग्रजीत आणि बटण सापडेना. दुसऱ्यात भाव बदलला, पण नेटवर्क गेलं आणि जुनाच परत आला. बुधवारी रात्री तिसऱ्यात जमलं. गुरुवारी सकाळी बघतो तर नाचणीच्या पापडाचा भावही पाच रुपयांनी वाढला होता, आणि त्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं.

— उत्रोलीकर